चेहऱ्याची साक्ष

आपल्या भाषेनें मनुष्याच्या सर्व अवयवांत डोळ्यांवर जेवढा विश्वास टाकला आहे तेवढा दुसऱ्या कशावरही टाकलेला नाहीं. राग आला म्हणजे आपण डोळे वटारतों. संकट पाहून आपले डोळे पांढरे होतात. लाजेनें ते खालीं वळतात, श्रीमंतीनें फिरतात आणि आनंदानें भरून येतात. जीभ खोटें बोलेल, हात खोटी सही करतील. पण डोळे फसवीत नाहींत, अशी आपली समजूत आहे. कोर्टांतला साक्षीदार उत्तर देतांना नजर चुकवूं लागला कीं आपण मनांतल्या मनांत निकाल देऊन मोकळे होतों. घरांत बरणी फुटली म्हणजे "माझ्या डोळ्यांकडे पाहून सांग" असें आई मुलाला म्हणते, तें याच विश्वासानें. या विश्वासावर घरें चालतात, शाळा चालतात, व्यवहार चालतात; तो सर्वस्वी निराधार असता तर इतका काळ टिकला नसता. परंतु असा एक रोग आहे कीं ज्यांत हा साक्षीदार खोटी साक्ष देऊं लागतो, आणि ज्याच्याविषयीं ती दिली जाते त्याला ती थांबवितां येत नाहीं. त्या रोगावरील एका शस्त्रक्रियेच्या निमित्तानें आमच्या आप्तमंडळींत जो प्रश्न उभा राहिला, त्याचा विचार येथें करावयाचा आहे.

मानेच्या पुढल्या बाजूस, कंठमण्याच्या खालीं, फुलपाखराच्या आकाराची एक लहान ग्रंथि असते. तिला थायरॉईड म्हणतात. शरीरांतील सर्व व्यापार किती वेगानें चालावयाचे हें तिच्या रसावर अवलंबून असतें. हा रस फाजील प्रमाणांत वाहूं लागला म्हणजे छाती धडधडते, हात कांपतात, वजन उतरतें, उकाडा सोसवत नाहीं, झोंप उडते. डब्लिन येथील वैद्य रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनीं १८३५ सालीं आणि जर्मनींतील मेर्झेबुर्ग गांवच्या कार्ल फॉन बाझेडो यांनीं १८४० सालीं या विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. इंग्रजी जाणणारे लोक त्या रोगास पहिल्याचें नांव देतात, जर्मन लोक दुसऱ्याचें. बाझेडो यांनीं तीन लक्षणें एकत्र सांगितलीं: गळ्यावरची गांठ, हृदयाची धडधड आणि पुढें आलेले डोळे. यांपैकीं पहिलीं दोन ग्रंथीवरील उपचारांनीं बहुधा आटोक्यांत येतात. तिसऱ्याची गोष्ट निराळी आहे. ग्रंथि ताळ्यावर आली म्हणजे डोळे आपोआप मागें जातील अशी रोग्याची व त्याच्या घरच्यांची आशा असते. पण पुष्कळदां ती फोल ठरते.

याचें कारण असें कीं, मूळ दोष ग्रंथींत नसून तिच्याही मागें आहे. शरीराचें रक्षण करण्यासाठीं जी यंत्रणा आहे, तीच या रोगांत घरच्या माणसांस चोर समजून त्यांच्यावर उलटते. तिनें निर्माण केलेले प्रतिपिंड थायरॉईड ग्रंथीला डिवचतात. आणि डोळ्यामागच्या कांहीं पेशींवरही तीच ओळखीची खूण असल्यामुळें त्यांनाही डिवचतात. मग डोळ्यामागची चरबी वाढते व डोळा फिरविणारे स्नायु सुजतात. डोळ्याची खोबण ही हाडांची कुपी आहे. तिच्यांत जागा सुमारें ३० घन सेंटिमीटर, आणि तिच्या भिंती लवत नाहींत. आंतला ऐवज वाढला कीं त्यास जावयास पुढची एकच वाट उरते, आणि डोळा बाहेर ढकलला जातो. त्याबरोबरच वरची पापणी वर ओढली जाते, बुबुळाच्या वर पांढरें दिसूं लागतें, आणि पापण्या लवण्याचें प्रमाण कमी होतें. हा रोग पुरुषांपेक्षां स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतो. आणि तंबाखू ओढणारांत त्याचा डोळ्यांवरील परिणाम अधिक बळावतो.

आतां मौज, किंवा खरें म्हणजे दुर्दैव, असें कीं पापणी वर ताणलेली, बुबुळ स्थिर आणि त्याभोंवतीं पांढरें उघडें पडलेलें, ही मुद्रा अर्थशून्य नाहीं. भरताच्या नाट्यशास्त्रांत छत्तीस प्रकारच्या दृष्टि सांगितल्या आहेत. त्यांतील भयानक व रौद्र या दोन्ही दृष्टींत पापण्या वर नेऊन ताठ ठेवाव्या असें नटास शिकविलें आहे. म्हणजे हजारों वर्षें मनुष्य ज्या मुद्रेवरून राग आणि भय ओळखीत आला, नेमकी तीच मुद्रा हा रोग रोग्याच्या तोंडावर बसवितो. नट ती मुद्रा क्षणभर धारण करतो आणि पडदा पडल्यावर उतरवून ठेवतो. रोग्याला ती उतरवितां येत नाहीं. तो जेवतांना, हंसतांना, देवापुढें हात जोडतांना तीच मुद्रा घेऊन वावरतो.

माझी एक मावसबहीण तालुक्याच्या गांवीं प्राथमिक शाळेंत शिक्षिका आहे. वय चाळिशीच्या आंतबाहेर. तिला हा रोग झाला. दीड वर्षाच्या औषधांनीं ग्रंथि ताळ्यावर आली, छातीची धडधड थांबली, गेलेलें वजन परत आलें; डोळे मात्र परतले नाहींत. त्या दिवसांत ती एकदां आमच्या घरीं आली असतां मावशीच्या औषधपाण्याच्या खर्चाचें बोलणें निघालें. तो खर्च आम्हां तीन घरांत कसा वांटावा याविषयीं मीं एक सूचना केली. ती कांहीं बोलली नाहीं. नुसती माझ्याकडे पाहत राहिली. तें पाहणें मला झोंबलें. हिला माझ्या देण्यांत कंजूषपणा दिसला, असें मीं मनाशीं ठरविलें, आणि पुढें चार महिने मीं होऊन तिची विचारपूस केली नाहीं. नंतर प्रसंगानें समजलें कीं माझी सूचना ऐकून तिच्या डोक्यावरचा भार उतरला होता, आणि कोणत्या शब्दांनीं आभार मानावे हें न सुचून ती गप्प बसली होती. येथें ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, तिच्या रोगाची मला संपूर्ण माहिती होती. तिचे डोळे असे कां दिसतात हें मीं दुसऱ्यांना समजावून सांगितलें होतें. तरी त्या क्षणीं मीं तिच्या शब्दाची वाट न पाहतां तिच्या डोळ्यांची साक्ष मानली.

पुढें रोग शांत होऊन वर्ष लोटल्यावर तज्ज्ञानें तिला सांगितलें कीं, दृष्टीला आज धोका नाहीं. शस्त्रक्रिया केलीच पाहिजे असें नाहीं. पण करावयाची झाल्यास डोळे बरेचसे मागें नेतां येतील. त्यावर घरांत बैठक बसली. आमचे मामा स्पष्ट बोलणारे. ते म्हणाले, "बाळ, नीट दिसतें आहे ना? मग देवानें दिलेले डोळे आरशाच्या हौसेखातर सुरीखालीं घालूं नयेत. या वयांत रूपाचा सोस कशाला?" मीं मामांच्या बोलण्याला मान डोलावली. तिनें शांतपणें उत्तर दिलें, "मामा, आरसा काय, तो मी भिंतीकडे तोंड करून ठेवीन. पण वर्गांतल्या मुलांचीं तोंडें कुणीकडे फिरवूं? चुकलेलें गणित घेऊन मूल जवळ येतें, मी त्याच्याकडे पाहतें, आणि तें रडूं लागतें. मी रागावलेली नसतें. पण तें मला प्रत्येकाला तोंडानें सांगावें लागतें, आणि डोळ्यांपुढें तोंडाचें कोणी ऐकत नाहीं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "खरें ना, दादा?" मला उत्तर देतां आलें नाहीं.

प्रश्न असा आहे: ज्या अवयवाचें काम व्यवस्थित चाललें आहे तो केवळ दिसण्यासाठीं धोक्यांत घालणें योग्य आहे काय?

प्रथम ही शस्त्रक्रिया काय आहे तें पाहिलें पाहिजे. खोबणीच्या भिंती लवत नाहींत हें जर दुखण्याचें मर्म, तर उपाय म्हणजे भिंत काढून जागा करणें. खोबणीच्या नाकाकडील बाजूची भिंत इतकी पातळ असते कीं शरीरशास्त्रज्ञांनीं तिला कागदी पत्र्याचें नांव दिलें आहे. तिच्या पलीकडे आणि खालच्या भिंतीखालीं हवेनें भरलेल्या पोकळ्या आहेत. या भिंतींचा कांहीं भाग शस्त्रवैद्य काढून टाकतो, आंतील आवरणाला छेद देतो, आणि कोंडलेली चरबी त्या पोकळीकडे सरकते. डोळा कांहीं मिलिमीटर मागें जातो. चेहऱ्यावर मिलिमीटर ही लहान गोष्ट नव्हे. दोन डोळ्यांत दोन मिलिमीटरांचें अंतर पडलें तरी वैद्य तें लक्षांत घेतात.

ही विद्या एका दिवसांत आलेली नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झूरिकच्या क्रेनलाइन यांनीं खोबणींतील गांठी काढण्यासाठीं कानशिलाकडील भिंत उघडण्याची रीत बसविली. बुडापेस्टच्या डोलिंगर यांनीं १९११ सालीं तीच रीत या रोगासाठीं वापरली. १९३० सालीं हिर्श यांनीं खालची भिंत काढली. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत नाफ्झिगर यांनीं कवटी उघडून वरचें छत काढलें. १९३६ सालीं सूअल यांनीं नाकाकडील भिंतीची वाट धरली. १९५७ सालीं वॉल्श व ओगुरा यांनीं वरच्या जबड्यांतील पोकळींतून खालची व आंतली अशा दोन्ही भिंती काढण्याची पद्धति प्रसिद्ध केली. आणि १९९० च्या सुमारास दुर्बिणीच्या साहाय्यानें नाकपुडींतूनच हें काम होऊं लागलें. चारही बाजूंनीं माणसें या कुपीभोंवतीं फिरलीं आणि प्रत्येकानें एकेक भिंत पाडून पाहिली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

या शस्त्रक्रियेचे प्रसंग दोन प्रकारचे असतात. कित्येक रोग्यांत सुजलेले स्नायु खोबणीच्या टोकाशीं दृष्टीच्या मज्जातंतूला आवळतात. रंग फिके दिसूं लागतात, नजर मंदावते. अथवा डोळा इतका पुढें येतो कीं पापण्या मिटत नाहींत आणि उघडें बुबुळ सुकून त्यावर जखम होते. औषधांनीं आराम न पडल्यास येथें शस्त्रक्रिया करावी कीं नाहीं हा नीतीचा प्रश्नच नाहीं. न करणें हाच अपराध. दुसरा प्रकार माझ्या बहिणीचा. दृष्टि शाबूत, रोग थंड, आणि मागें राहिला तो केवळ चेहरा. येथें शस्त्रक्रियेचे धोके तराजूच्या एकट्याच पारड्यांत पडल्यासारखे दिसतात. पूर्वीं नसलेलें दुहेरी दिसणें नव्यानें सुरू होऊं शकतें. गाल बधिर होतो. आणि क्वचित्, अगदीं क्वचित्, दृष्टि जाऊं शकते. शिवाय हें एका बैठकींत संपणारें काम नव्हे. आधीं खोबण, मग तिरळेपणा असल्यास स्नायु, मग पापण्या, असा त्याचा क्रम आहे, आणि दोन टप्प्यांच्या मध्यें महिनेच्या महिने थांबावें लागतें.

मामांचा पहिला आक्षेप सोस हा होता. सोस म्हणजे जें आपलें नव्हतें त्याची हांव. वीस वर्षांच्या मुलीचें नाक मागणारी साठीची बाई सोसाचा आरोप कदाचित् पदरीं घेईल. पण जो आपलाच चेहरा परत मागतो त्याच्यावर तो आरोप कसा लागू व्हावा? आपल्या प्रांतांत यासंबंधीं एक जुना दाखला आहे. इंग्रजांच्या फौजेंत बैल हांकणाऱ्या, कावसजी या नांवानें नोंदलेल्या एका मराठ्याला टिपू सुलतानाशीं झालेल्या लढाईंत कैद होऊन नाक गमवावें लागलें. पुढें पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्याच्या कपाळाचें कातडें वळवून त्याला नवें नाक करून दिलें. १७९४ च्या ऑक्टोबरांत ही हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' मासिकांत छापून आली, आणि युरोपच्या शस्त्रवैद्यांनीं ती आश्चर्यानें वाचली. कावसजीचा श्वास कापल्या नाकानेंही चाललाच होता. तरी त्याला सोस होता असें कोणी म्हणणार नाहीं. नाक कापणाऱ्याला त्याच्या नाकाशीं कांहींच कर्तव्य नव्हतें. त्याला त्या माणसाच्या तोंडावर एक वाक्य लिहावयाचें होतें, आणि तें वाक्य जन्मभर घेऊन न हिंडण्याचा हक्क कावसजीला होता. रोगही असेंच एक वाक्य लिहून ठेवतो: ही बाई रागीट आहे. तें खोटें आहे. तें पुसूं पाहणें ही हौस नव्हे. ती आपल्याविषयींच्या खऱ्याची मागणी आहे.

यावर मामा म्हणतील, आणि त्यांनीं तसें म्हटलेंही, कीं कावसजीला नाक नव्हतें, म्हणून त्याला गमावण्यासारखें कांहीं नव्हतें. हिला डोळे आहेत आणि ते पाहतात. हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. मात्र त्यांत एक गृहीत लपलें आहे, तें हें कीं डोळ्याचें काम केवळ पाहणें. तान्हें मूल आईच्या कुशींत प्रथम काय शोधतें? तिचे डोळे. शब्द समजण्यापूर्वीं महिनेच्या महिने तें त्या डोळ्यांवरून जगाचा अंदाज घेतें. डोळा पाहण्यासाठीं आहे तसाच तो दुसऱ्यानें वाचण्यासाठींही आहे. भिंतीवरचीं अक्षरें नीट दिसलीं म्हणजे डोळ्याचें पहिलें काम शाबूत आहे एवढेंच सिद्ध होतें. दुसरें काम बंद पडलें आहे हें त्या तक्त्यावर उमटत नाहीं. तेव्हां तराजूचें दुसरें पारडें रिकामें आहे हें खरें नाहीं. त्यांत एक गमावलेली वस्तु आहे, आणि ती अशी आहे कीं तिच्यावांचून शिक्षिकेला शिकवितां येत नाहीं आणि आईला धीर देतां येत नाहीं.

मग या दोन पारड्यांचें वजन कोणीं करावें? घरच्यांस बोलण्याचा अधिकार आहे, कारण वाईट झाल्यास त्यांनाही तें सोसावें लागेल. परंतु बोलण्याचा अधिकार म्हणजे ठरविण्याचा नव्हे. धोक्याचा आंकडा वैद्य सांगूं शकतो; हानीचें माप ज्याचा चेहरा त्यालाच ठाऊक. आम्ही बैठकींत बसलेले सगळे तिचा चेहरा बाहेरून पाहत होतों. त्याच्या आंत राहत होती ती एकटी.

खरा बळकट आक्षेप याहून वेगळा आहे, आणि तो मामांनीं नव्हे, माझ्याच मुलीनें काढला. ती म्हणाली, "चूक पाहणाऱ्याची आणि सुरी आत्याला, हा कुठला न्याय? डोळे वाचणारे तुम्ही. तुम्ही नीट वाचायला शिका." या बोलण्यांत मोठें सत्य आहे. जगाला जो चेहरा रुचत नाहीं तो शस्त्रानें सुधारून घ्यावा अशी रूढि पडली तर ज्याला तें परवडत नाहीं किंवा जो तें नाकारतो तोच उद्यां दोषी ठरेल. मार्टी फेल्डमन हा इंग्रज विनोदी नट याच रोगानें पुढें आलेल्या डोळ्यांसह १९८२ सालीं मृत्यु येईपर्यंत जगला. 'यंग फ्रँकेनस्टाइन' या १९७४ च्या चित्रपटांत त्याचा तो चेहरा ज्यांनीं पाहिला ते त्याला विसरले नाहींत. त्यानें आपल्या डोळ्यांना आपल्या कलेच्या नोकरीस लावलें. त्याला कोणी जाऊन "तुझा चेहरा खोटा आहे, दुरुस्त कर" असें म्हटलें असतें तर तो उद्धटपणा झाला असता. तसेंच इंग्रज कवयित्री क्रिस्टीना रोझेटी. तिच्या भावानें १८४९ सालीं कुमारी मेरीचें चित्र रंगविलें तें तिलाच समोर बसवून. १८७१ पासून या रोगानें तिचें रूप पालटलें. तेव्हां डोळ्यांसाठीं शस्त्रक्रिया नव्हतीच. त्यानंतर ती वीस वर्षांहून अधिक जगली आणि लिहीत राहिली. चेहरा परत मिळविणें हें कर्तव्य असतें तर या दोघांचें आयुष्य अपुरें म्हणावें लागलें असतें, आणि तसें म्हणण्यास कोणाचीच जीभ धजणार नाहीं.

तरीही मुलीच्या आक्षेपाला माझें उत्तर आहे. पाहणाऱ्याच्या चुका दोन जातींच्या असतात. रंगावरून, जातीवरून, पोषाखावरून माणसाला हलका लेखणें ही शिकविलेली चूक आहे. ती शिकविणाऱ्यांनीं शिकविली, ती विसरायला लावतां येते, आणि तिच्यापायीं भोगणाऱ्यालाच आपलें कातडें बदलावयास सांगणें हा अधमपणा आहे. परंतु ताणलेल्या पापणींत राग दिसणें हें कोणीं शिकविलेलें नाहीं. ज्या शक्तीनें मूल आईला ओळखतें, मित्र मित्राचें दुःख न सांगतां ओळखतो, तीच शक्ति येथें फसते. ती नाहींशी करतां येणार नाहीं, आणि करतां आली तरी करूं नये. सहा वर्षांच्या मुलापुढें ग्रेव्ह्ज व बाझेडो यांचें व्याख्यान देऊन उपयोग नाहीं. मीं तर तें व्याख्यान दुसऱ्यांपुढें दिलें होतें, आणि तरी चार महिने फसलों.

म्हणून माझा निष्कर्ष दुहेरी आहे. शस्त्रक्रिया मागणें हा रोग्याचा हक्क आहे, सोस नव्हे. आणि न मागणें हाही तितकाच हक्क आहे. पण पाहणाऱ्याचें कर्तव्य या दोहोंपैकीं कोणत्याही निवडीनें संपत नाहीं. इतर ठिकाणीं आपण जिभेवर संशय घेऊन डोळ्यांवर विश्वास ठेवतों. येथें उलट वागलें पाहिजे. येथें माणसाला विचारावें, आणि तो जें सांगेल तें खरें मानावें. हें अवघड आहे, कारण तें प्रत्येक वेळीं नव्यानें करावें लागतें.

शस्त्रवैद्याचेंही एक कर्तव्य उरतें, आणि त्याचा धडा थायरॉईडच्याच इतिहासांत आहे. बर्नचे थिओडोर कोखर यांनीं या ग्रंथीची शस्त्रक्रिया इतकी निर्धोक केली कीं १९०९ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें; लेनिनची पत्नी क्रुप्स्काया हिच्यावर १९१३ सालीं त्यांनींच शस्त्र चालविलें. परंतु याच कोखर यांनीं १८८३ सालीं आपल्या जुन्या रोग्यांना पुन्हां बोलावून तपासलें, तेव्हां ज्यांची ग्रंथि त्यांनीं समूळ काढली होती त्यांपैकीं पुष्कळजण शरीरानें आणि बुद्धीनें मंदावलेले त्यांस आढळले. त्यांनीं तें झांकलें नाहीं. व्यवसायबंधूंपुढें जाऊन सांगितलें, आणि समूळ ग्रंथि काढण्याचें सोडून दिलें. ज्याच्यावर शस्त्र चालवावयाचें त्याला काय परत मिळेल एवढेंच नव्हे, तर काय परत मिळणार नाहीं हेंही आधीं सांगितलें पाहिजे. औषधांचेंही तसेंच. २०२० सालीं अमेरिकेंत या विकारावर टेप्रोटुम्युमॅब नांवाच्या औषधास मान्यता मिळाली. दर तीन आठवड्यांनीं एक याप्रमाणें आठ वेळां तें शिरेंतून देतात, आणि कित्येकांचे डोळे त्यानें शस्त्रावांचून मागें जातात. पण त्यानें कांहींच्या श्रवणशक्तीला इजा पोंचते, आणि त्याची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवांक्याबाहेर आहे. म्हणजे सुरी गेली आणि सुई आली तरी तराजू हातांतून सुटत नाहीं.

माझ्या बहिणीनें शस्त्रक्रिया करून घेतली. ती सुखांत पार पडली असें सांगितलें तर तें अर्धें खरें होईल. डोळे मागें गेले. पण खालीं पाहतांना तिला एकाचे दोन दिसूं लागले, आणि जिना उतरतांना कोणीतरी हात धरावा लागे. सहा महिने चष्म्याच्या एका कांचेवर पट्टी लावून तिनें वह्या तपासल्या. मग स्नायूंची दुसरी शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर पापण्यांची. डावा गाल अजून थोडा बधिर आहे. चहाचा थेंब ओघळला तर तिला कळत नाहीं. जुन्या छायाचित्रांतला चेहरा हुबेहूब परत आला असेंही नाहीं. मामा एकदां म्हणाले, "एवढें सोसलेंस, मिळालें काय?" ती म्हणाली, "मुलें जवळ येतात." मामा पुढें कांहीं बोलले नाहींत.

गेल्या दिवाळीनंतर ती आमच्याकडे आली होती. मावशीच्या खर्चाचा माझा वांटा त्या वेळीं दोन महिन्यांचा तुंबला होता, आणि मीं त्याविषयीं कांहींतरी सारवासारव करीत होतों. ती गप्प राहून माझ्याकडे पाहत होती. पूर्वींची चूक आठवून मीं या वेळीं विचारलें, "राग आला का ग?"

"हो, दादा," ती म्हणाली, "आतां खरोखरच आला आहे."

मीं उठून त्याच दिवशीं पैसे पाठविले.